नळे परतायचे दिवस

वैशाख उतरणीला लागला की माझे हात शिवशिवायला लागतात. कणकवलीत आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब आणि स्लॅबवर सोसायटीची पाण्याची टाकी. परतायला, चाळायला, उसवायला इथे काहीच नाही. तरी दुपारी खिडकीतून कुणाच्या तरी परसातल्या पिकलेल्या फणसाचा वास आत येतो, हायवेपलीकडच्या झाडांत वानरांची टोळी खसफसते, आणि माझ्या कानात नळ्यावर नळा बसल्याचा आवाज सुरू होतो. कोरडा आणि किंचित पोकळ. रिकाम्या मडक्यावर कुणी बोटाचं पेर वाजवावं तसा.

नळे म्हणजे आमच्याकडची जुनी अर्धगोल कौलं. मंगलोरी कौलांसारखी ती एकमेकांत अडकत नाहीत. एक उताणं, त्याच्या कडांवर दुसरं पालथं, अशी छपराच्या लाकडी पट्ट्यांवर, रिपांवर, नुसती ठेवलेली असतात. जणू एकाने दुसऱ्याच्या भरवशावर अंग टाकलंय. वर्षभर त्यांच्यावरून वानरं उड्या मारतात, मांजरं भांडतात, माडाची सुकी झावळी धपकन येऊन पडते. नळे सरकतात, फुटतात, त्यांच्या पन्हाळीत पाला कुजतो. म्हणून पावसाआधी सगळं छप्पर उतरवायचं, नळे झाडायचे, फुटके काढायचे, पुन्हा बसवायचे. याला आमच्याकडे नळे परतणं म्हणतात. मे महिन्यात बाकीचा महाराष्ट्र आंबे खायला कोकणात येतो, तेव्हा आम्ही छपरावर असतो.

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठेही, कुणी न विचारता सांगते. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या भिंतीवर टांगलेल्या आहेत त्यांना हा माझा मोठेपणा वाटतो. वाटो. मी बी.ए. केलं ते तत्त्वज्ञान घेऊन, आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. शिकत होते तेव्हा वाडीत कुणी विचारायचं, "काय शिकतंस गो, दीपे?" मी सांगायचे, तत्त्वज्ञान. पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे किर्तनकार होतलंस?"

तिसऱ्या वर्षाला एक पेपर अस्तित्ववादाचा होता. आज आठवतोय तो मे महिना त्या पेपरनंतरचा. परीक्षा संपली होती, निकाल यायचा होता, आणि मी हॉस्टेलची वळकटी एसटीच्या टपावर टाकून गावी आले होते.

घरात शिरताना पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की पुढच्या पडवीत बाबा नाहीत. आमच्या पडवीवरून वाडीची पायवाट जाते. जाणारा-येणारा प्रत्येकजण बाबांशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. आई म्हणाली, "मागच्या दारी आसत. आता थंयच बसतत."

आदल्या वर्षी लावणीच्या दिवसांत ते पडले होते. सबंध आयुष्य छपरांवर काढलेला माणूस पडला तो शेताच्या मेरेवरून, म्हणजे साध्या बांधावरून, डोक्यावर भाताच्या तरव्याच्या मुठी घेऊन. मणक्याला मार बसला. महिने गेले, चालता येऊ लागलं, बसता येऊ लागलं. पण चढायचं नाही आणि उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आमच्या वाडीत बाबांइतका हलका पाय कुणाचा नव्हता. छपरावर ते मांजरासारखे चालत. खालच्या माणसाला कळतही नसे की वर कुणी आहे. अशा माणसाला चढायचं नाही म्हटल्यावर त्याचं काय उरतं, हे आम्ही कुणीच त्यांना विचारलं नाही. आम्ही फक्त औषधं वेळेवर देत राहिलो.

वाडीतले लोक वाईट नव्हते. रोज कुणीतरी विचारायचं, "सखाराम, आता बरा मा?" त्या एका "बरा मा"ने बाबा झिजत गेले. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत त्यांना रोज तोच पडलेला माणूस दिसत असणार. मग ते मागच्या दारी गेले, जिथून कुणी जात नाही. तिथे समोर केळी, राखेचा ढीग आणि वाळत घातलेली आमसुलं. दिवसभर ते त्या आमसुलांवरचे मुंगळे हाकत बसायचे.

आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं: दुसऱ्याची नजर आपल्यावर पडली की आपण वस्तू होतो. ती नजर आपल्याला एका जागी ठेवून देते, फडताळात डबा ठेवावा तसं. मला तेव्हा ते फार पटलं होतं. गावातून आलेली, साध्या चपला घातलेली मुलगी म्हणून कॉलेजात मी अशा नजरा झेललेल्या होत्या. पण मागच्या दारी बाबांना पाहिलं आणि वाटलं, नजर चुकवून बसलेला माणूससुद्धा मोकळा दिसत नाही. तो तर अजूनच डबा झालाय, झाकण लावलेला.

सर आणखी एक सांगायचे. माणूस काही ठरून जन्माला येत नाही. तो जे करत जातो त्यातून घडत जातो. मी हात वर करून विचारलं होतं, "आणि करणंच थांबलं तर, सर?" सर म्हणाले, "न करणं हीसुद्धा निवडच असते." उत्तर बरोबर होतं. पेपरात मी ते लिहिलं आणि त्याला गुणही चांगले मिळाले. फक्त सरांनी बाबांना पाहिलेलं नव्हतं.

त्या मे महिन्यातले माझे हात मला आठवतात. रातांब्यांनी, कोकमाच्या फळांनी, लाल झालेले, नखांच्या कडा काळ्या. आई रातांबे फोडायची, मी साली रसात बुडवून उन्हात पसरायचे. अंगणात लालेलाल चटया. हवेत आंबट वास, त्यात काजू भाजल्याचा तिखट धूर. पायांखालची जमीन इतकी तापलेली की दुपारी विहिरीपर्यंत पळत जायला लागे. आणि दक्षिणेकडे, खाडीच्या वर, रोज संध्याकाळी एक काळसर रेघ उमटायची, रोज थोडी जाड व्हायची. वाडीत सगळीकडे शिड्या लागल्या होत्या. आमच्या घराला शिडी लागली नव्हती.

"नळ्यांचा काय करूचा?" एका दुपारी आईने विचारलं.

"प्लास्टिक घाल," बाबा म्हणाले.

"प्लास्टिक? वाऱ्यान पयल्याच दिवशी खाडयेत जायत ता."

"मगे जाऊं दे."

"मी पक्याक सांगतंय. तो चार जणांक घेवन येतलो."

"आणि पक्याच्या घरावर कोण जातलो? तू?"

इथे रीत सांगायला हवी. नळे परतायला आमच्याकडे मजूर लावत नाहीत. घरटी एक माणूस वर जातो. आज तुझं घर, उद्या माझं. आणि आपल्या घरावर आपण चढायचं नाही. घरच्या पुरुषाने खाली अंगणात नळे झाडून वर द्यायचे असतात, आणि घरातल्या एकाने आत राहायचं असतं. दारं-खिडक्या लावून, अंधार करून, वर बघायचं असतं. जिथे फट असते तिथे उजेड दिसतो. मग चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीने खालून तो नळा ठोकायचा आणि वरच्याला सांगायचं, हा बघ, इथे. हे आतलं काम घरातल्या बाईचं. ती सोबत जेवणही रांधायची, पोरंही सांभाळायची. म्हणून त्याला कुणी काम म्हणत नसे. 'माणूस दिला' असं म्हणायचं ते फक्त वर चढणाऱ्याला.

"उसनो घेवचो तर फेडूक व्हयो," बाबा म्हणाले. "आमच्या घरात आता माणूस नाय."

"मगे तुमी कोण?" आई बोलून गेली.

बाबा उठले आणि केळींच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. आई रातांबे फोडत राहिली, जरा जास्तच जोराने.

आमच्या घराच्या भिंती मातीच्या. छपरातून एक धार जरी भिंतीवर उतरली तरी दोन आठवड्यांत भिंत पोट सोडते. बाबांना हे आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी ते नको म्हणत होते, म्हणजे घर पडलं तरी चालेल इथपर्यंत ते पोचले होते. मला भीती घराची वाटत नव्हती. एखादा माणूस 'आपण कुणाच्या कामाचे नाही' हे एकदा मनाशी पक्कं करून बसला, की त्याला ओढून काढायला बाहेरून काही धरताच येत नाही. आणि बाबांनी ते जवळजवळ पक्कं केलं होतं.

त्या पेपरात मी अजून एक वाक्य लिहिलं होतं: दुसऱ्यासाठी जगतो म्हणणारा माणूस बहुधा स्वतःपासून पळत असतो. छान वाक्य. मुलींनी माझ्या वहीतून उतरवून घेतलं होतं. त्या दिवसांत आमसुलं उलटताना मी ते मनात घोळवायचे, आणि मला प्रश्न पडायचा की बाबा नेमके कुठे पळाले? बाबांकडे 'स्वतः' म्हणून जे काही होतं, ते सगळं वाडीच्या छपरांवरच होतं. ते पळाले नव्हते. त्यांची शिडी कुणीतरी काढून घेतली होती.

आणि मग रुजायमावशी आली.

रुजायमावशीचं घर ओहोळापलीकडे, अंगणात खुरीस, म्हणजे क्रूस, असलेलं. ती सरकारी दवाखान्यात आया होती. माझ्यासकट वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातांतून जगात आलेली. नवरा इनास कधीचाच गेला होता, मुलगा बोटीवर. फुलाफुलांचा झगा, डोक्याला पांढरा रुमाल, आणि आवाज असा की ओहोळापलीकडून तिने कोंबड्यांना हाक मारली तर आमच्या कोंबड्या जाऊन यायच्या. त्या सकाळी ती तरातरा मागच्या दारी गेली.

"सखाराम, ऊठ."

"खंय?"

"माज्या घराक. तो पक्या माजा घर उघडा करून बसलो हा. माका ह्या मोतीबिंदून सगळ्याच नळ्यांत उजेड दिसता. मी बोट दाखवलंय काय तो नळो काढता. अर्धा छप्पर खाली इला. आता वर बसान माकाच हसता, मेलो."

मी तोंडावर हात धरला. बाबा हसले नाहीत. "माका खंय चढूक येता आता?"

"चढ म्हणान कोण सांगता तुका? बस म्हणान सांगतंय. बसूक येता मा? वरीसभर ताच तर करतंस."

आईचा हात रातांब्यावर थांबला. असं बाबांना वर्षभरात कुणी बोललं नव्हतं. सगळे हळू बोलायचे, आजाऱ्याशी बोलतात तसं. बाबा मावशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुज्या घराक जावन मी बसतलंय आणि लोक काय म्हणतले?"

"लोक म्हणतले, रुजायच्या घरात म्हातारो बसलो. माजा काय जाता? इनास वरसून बघीत, तेका काय व्हया ता म्हणांदे."

आता मात्र बाबांच्या ओठाची कड हलली. पण ते अजून जागचे उठले नव्हते. "रुजाय, मस्करी नको. उसनो फेडूक माज्याकडे काय नाय."

"आणि माज्याकडे काय आसा?" मावशी त्यांच्या पुढ्यात उकिडवी बसली. पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला. "इनास गेल्यापासून माज्या घरातसून कोण चढलो? तरी दरवर्सा माजे नळे परततत मा? माका कोणी विचारूक नाय, रुजाय, तुजो माणूस खंय म्हणान."

"तुजी गोष्ट वेगळी."

"कशी वेगळी? मी बाई म्हणान? मगे तू काय पणसाचो ओंडको? चल, ऊठ. वर आभाळ आसा आणि खाली माजो पलंग."

बाबांनी शर्ट मागितला. आईने तो इतक्या घाईने आणला की उलटाच आणला.

मी स्टूल घेऊन मागोमाग निघाले. ओहोळावरच्या साकवावर बाबा एक पाऊल टाकून थांबत, पुन्हा टाकत. वाटेत कुणी भेटलं, तर "बरा मा?" विचारायच्या आत मावशी सांगून टाकायची, "कामाक जातासा तो, थांबवू नको."

मावशीच्या घरात आम्ही दारं लावली. खिडक्यांना गोधड्या लावल्या. आधी काहीच दिसेना. मग डोळे सरावले आणि मी वर बघितलं. काळ्या छपरावर कुणी मूठभर तांदूळ उधळावेत तसे उजेडाचे दाणे. काही बारीक, काही ठसठशीत. एकेका दाण्यातून एकेक सूत खाली आलेलं, कलतं, आणि त्या सुतातून धूळ वर-खाली करत होती. एक सूत येशूच्या तसबिरीवर, एक मावशीच्या पाठीवर. लहानपणी मी आईसोबत हे हजारदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं की हे एवढं देखणं दिसतंय ते सगळं गळकं आहे.

बाबा स्टुलावर बसले. काठी हातात घेतली. बराच वेळ ते नुसते वर बघत होते. मग त्यांनी हाक दिली.

"पक्या!"

"ओ!" वरून आवाज आला. पक्या म्हणजे आमच्या वाडीतला रिक्षावाला. अंगाने उंच, तोंडाने त्याहून लांब. "कोण ता? सखाकाका? काकानू, मावशीन तुमका कसा काय पकडून हाडल्यान?"

"गप रव. आढ्याच्या खाली सर. चुलीच्या बाजूक. आणखी वायच. रव. काठी वाजवतंय, ऐक."

ठक, ठक.

"ह्यो? काकानू, ह्यो तर बंद आसा! वरसून कायच दिसणा नाय."

"वरसून बंदच दिसतलो. मीय वर असोच फसायचंय. घरची बाई खालसून सांगायची तेवा कळायचा. उचल तो."

पक्याने नळा उचलला. उजेडाची मोठी चौकट धपकन आत पडली, आणि तिच्यात पक्याचं घामेजलं तोंड. "व्हय तर! फुटलो हा. कडेक बारीक चीर."

"पाय रिपेर ठेव, नळ्यार नको. नायतर माज्याच मांडयेर येशीत."

"येवंदे. तेवढोच तुमच्या हाताखालचो माणूस होयन."

दुपारपर्यंत हे चाललं. वरून थट्टा, खालून शिव्या, मधे काठीची ठकठक. एकेक दाणा विझत गेला. बाबांच्या शर्टावर काजळी पडली, डोळ्यांत कचरा गेला, मान आखडली. मावशी मधे मधे पेज आणून द्यायची आणि ते "आता नको, उजेड सरकता" म्हणून परतवायचे. शेवटचा दाणा विझला तेव्हा घरात इतका गच्च अंधार झाला की आम्ही तिघं एकमेकांना दिसेनासे झालो. त्या अंधारात बाबा म्हणाले, "झाला." बस, एवढंच. पण तो शब्द मी वर्षभर ऐकला नव्हता. काम संपल्यावरचा 'झाला'.

मी पुस्तकाला खोटं ठरवायला हे लिहीत नाही. पुस्तकामुळेच मी ते बघू शकले, आणि ते पुस्तक वाचायला मला कुणी बसवलं नव्हतं, मी स्वतः बसले होते, याचा मला अभिमान आहे. दुसऱ्याची नजर माणसाला जागच्या जागी खिळवते हे खरंच. पण मला वाटतं तिथे गोष्ट संपत नाही. छपरावर चढलेल्याला आपल्या पायाखालची फट दिसत नाही, कितीही हुशार असला तरी. ती फक्त खालून दिसते, अंधारात बसलेल्याला. म्हणजे दुसऱ्याच्या नजरेत माणूस अडकतो तसा सावरतोही. फरक कशाने पडतो? खालचा माणूस हसायला बसलाय की काठी घेऊन बसलाय, एवढ्यानेच पडतो बहुतेक. आणि दुसऱ्यासाठी असणं म्हणजे स्वतःला पुसून टाकणं असं मी जे समजत होते, तेही मला सुधारून घ्यावं लागलं. त्या दुपारी बाबा पुसट झाले नव्हते. उलट पक्याला 'पाय रिपेर ठेव' म्हणून ओरडताना ते मला वर्षात पहिल्यांदा पूर्ण दिसले, आणि दिसले ते मिट्ट काळोखात.

पुढचं आपोआप झालं असं नाही. दुसऱ्या दिवशी पक्याच्या घराचे नळे होते. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून बाबांना बोलावणं आलं. लगेच पुढच्या दिवसाचं आणखी एका घराचंही. त्याच संध्याकाळी पक्याच्या अंगणात सगळे चहा पीत बसले होते, तेव्हा पक्यानेच काडी टाकली. "सखाकाका बसान काम करतत. तेंचा अर्धोच माणूस धरूया."

बाबांचा कप ओठांपाशी थांबला. मी बघत होते. तो क्षण पलटला असता तर बाबा पुन्हा केळींमागे गेले असते, आणि या खेपेला कुणाच्याही हाकेला आले नसते.

रुजायमावशी बशीतला चहा फुंकत म्हणाली, "धर. पण मगे वर चढणाऱ्याकय अर्धोच धर. काल तू वर एकटो होतंस तेवा काय केलंस? माजा घर मोडलंस. तू अर्धो आणि तो अर्धो. दोगांचो मिळान एक माणूस होता. कबूल?"

सगळे खो खो हसले. पक्या डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, तू शाळेत गेलंस नाय ता बरा झाला, आमका जगूक दिलंस नसतंस." पण मग तो गंभीर होऊन बाबांकडे वळला. "काकानू, मस्करी केलंय. तुमचो सबंध माणूस. आजपासून खालचो माणूसय माणूस."

कुणी ठराव मांडला नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चहा संपला, लोक उठले. आईला मी घरी येऊन हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्सा मी पण माणूस होतंय तर." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. मला तिच्यासोबत पूर्ण हसता आलं नाही.

दक्षिणेची रेघ आता भिंतीएवढी झाली होती. एका सकाळी आमच्या अंगणात शिड्या टेकल्या. पक्या, त्याच्यामागे वाडीतली माणसं, डोक्याला टॉवेल गुंडाळून. बाबा मागच्या दारातून आले.

"मी कोणाक बोलवक नाय."

"आमी काय जेवणाक इलंव?" पक्या म्हणाला. "तुमी आमच्या घरात बसल्यात. आता आमी तुमच्या घरावर बसतलंव. फिटांफीट."

बाबांनी आभाळाकडे पाहिलं. मग छपराकडे. तिथे नजर टाकायचं त्यांनी वर्षभर टाळलं होतं. त्यांनीच झाडून वर दिलेले, आता वाकडेतिकडे झालेले नळे. आई दारात उभी, हात लाल.

"मगे चढा," बाबा म्हणाले. "पण पक्या, तू आढ्याकडे जाव नको. तुजा वजन वाढला हा."

ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आई आणि मी अंगणातच राहिलो. बंद घरातून बाबांचा आवाज येत होता, मातीच्या भिंतींतून, नळ्यांच्या फटींतून, सगळीकडून. वर वारा होता, त्यामुळे त्यांना ओरडावं लागत होतं. "मेल्या, डावी खंयची ती कळता काय तुका?" पक्या वरून उत्तरं देत होता. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ऐकलंस? भांडता कसो बघ!" दुसऱ्या बायकांनी नवऱ्याच्या पगाराबद्दल सांगावं तशा आनंदाने.

त्याला आता बरीच वर्षं झाली. निकाल लागला, मी पुढे शिकले, नोकरी लागली. वाडीत एकेक घर स्लॅबचं झालं. पक्याचंही झालं. वानरं इतकी वाढलीत की नळे ठेवणं म्हणजे हट्टच आहे. कुंभार आता नळे घडवत नाही. कुठे जुनं घर मोडलं की आम्ही टेम्पो घेऊन जातो आणि त्याचे नळे आणून ठेवतो. आमच्यासारखी नळ्यांची घरं थोडीच उरलीत, आणि कधीतरी तीही जातील. मी त्यावर उसासे टाकणार नाही. गळणारं घर ज्याचं असतं त्यालाच ते माहीत असतं, आणि स्लॅब घालणाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मला तर नाहीच.

पण एक गोष्ट मी माझ्यापुरती उचलली आहे. वर्गात उत्तर लिहून झालं की मी मुलांना वह्यांची अदलाबदल करायला लावते. स्वतःचं उत्तर स्वतःला नेहमी बंदच दिसतं. शेजारची मुलगी वाचते आणि म्हणते, "हे इथून तिथे कसं गेलं ते कळत नाही." लिहिणारा आधी रागावतो. मग बघतो. मग खोडतो. दरवर्षी हे बघताना मला बरं वाटतं. ही मुलं दिवसाचे बारा तास मोबाइलमध्ये स्वतःचे चेहरे बघतात म्हणून सगळे कपाळाला हात लावतात; मी त्यांना एकमेकांच्या वह्यांवर वाकलेलं पाहते आणि फारशी काळजी करत नाही.

आणि मे महिन्यात मी सुट्टी टाकून गावी जाते. चढणारे हात कमी पडू लागले तेव्हा एका वर्षी पक्यानेच विचारलं होतं, "मॅडमांका चढूक येता काय?" खरं सांगायचं तर मला येत नव्हतं. आता येतं. आता वाडीतल्या आणखी दोघी-तिघी चढतात. आमच्या घराचा वरचा माणूस मी, आणि खालचा माणूस बाबा, दुसऱ्यांच्या घरांत. आमच्या घरावर अर्थातच मी चढत नाही.

परवा रुजायमावशीच्या घराचे नळे होते. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधीच झालंय, सुईत दोरा ओवते. पण आत बसायला ती तयार नसते. "ती जागा सखारामाची," म्हणते, आणि अंगणात खुर्ची टाकून वरच्यांना नावं ठेवत बसते. बाबा आता खूप थकलेत. दोघांनी धरून त्यांना आत नेलं, स्टुलाऐवजी पाठ टेकायची खुर्ची दिली, दारं लावली.

मी आढ्याजवळ बसले होते. नळे तापलेले, मांड्यांना चटके बसत होते. तिथून आंब्यांच्या शेंड्यांवरून खाडीचं तोंड दिसतं, आणि त्याच्यापलीकडे समुद्राची एक फिकट पट्टी. वाऱ्याला ओल होती. माझा हात थांबला. किती वेळ थांबला ते कळलं नाही. खाली नळ्यांचा आवाज ऐकू येईना, तेव्हा बाबांना ते खटकलं असणार.

"दीपे!"

आवाज पातळ झालाय आता. माझ्या पायांखालून, अंधारातून, नळ्यांच्या फटींतून तो वर आला.

"दीपे, आसंस मा गो?"

"आसंय, बाबा!" मी ओरडले, वाऱ्यावरून खाली पोचेल इतक्या जोरात. "हय आसंय!"

"मगे उजवीकडे सर वायच."

मी सरकले. माझ्या तळव्याखाली काठी वाजली. मी तिथला नळा उचलला.